वर बर्फ, खाली कोमट: गॅस भरण्याआधी हे तपासा

प्रश्न: आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज सात वर्षांचा आहे. काही दिवसांपासून वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ जमतो, पण खाली ठेवलेलं दूध दुसऱ्याच दिवशी नासतं आणि पाण्याची बाटली जेमतेम गार होते. भाजीच्या खणाखाली अधूनमधून पाणी साचतं. नॉब सगळ्यात थंडवर नेऊन पाहिला, फरक पडला नाही. घरी आलेल्या मेकॅनिकनं आत हात घालून पाहिला आणि ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असं सांगितलं. सासूबाईंचं इन्सुलिन याच फ्रिजमध्ये असतं, त्यामुळे जीवाला घोर लागला आहे. गॅस भरून घेऊ की नवा फ्रिज घेऊ? – एक वाचक

ताई, फ्रिजचं नंतर बघू. आधी इन्सुलिन बाहेर काढा आणि ज्यांचा फ्रिज नीट चालतो अशा कुणाकडे तरी ते आजच नेऊन ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारणपणे काही आठवडे घरातल्या तापमानाला चालतं. मात्र ते किती अंशांपर्यंत आणि किती दिवस, हे प्रत्येक इन्सुलिनचं वेगळं असतं, तेव्हा सोबतचा कागद वाचा. एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. खाली गार होत नाही म्हणून इन्सुलिन वर फ्रीजरमध्ये ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरता येत नाही. उष्णतेनं त्याची ताकद कमी झाली असेल तर ती नुसतं बघून कळत नाही. म्हणून जे इन्सुलिन या दिवसांत तुमच्या फ्रिजमध्ये होतं, त्याचं काय करायचं हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून ठरवा. फ्रिज दुरुस्त झाला तरी सलग दोन-तीन दिवस तापमान मोजल्याशिवाय इन्सुलिन त्यात परत ठेवू नका.

आता मोजायचं कसं ते सांगते. हात घालून तापमान कळत नाही, तुम्हाला नाही आणि मेकॅनिकलाही नाही. ४ अंश आणि ९ अंश हे दोन्ही हाताला गारच लागतात, पण दुधाच्या दृष्टीनं त्यांत फार मोठं अंतर आहे. फ्रिजसाठीचा साधा थर्मामीटर आणा. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो इतकं कमी तापमान दाखवतच नाही. एका ग्लासात पाणी घ्या, त्यात थर्मामीटर बुडवा, ग्लास मधल्या कप्प्यात ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हाच आकडा वाचा. पाण्यात ठेवायचं कारण असं की दार उघडताच आतली हवा क्षणात बदलते, पाणी मात्र सावकाश बदलतं. त्यामुळे अन्न खरोखर किती गार आहे ते पाण्यावरून कळतं. खालच्या भागात ४ अंश किंवा त्याहून कमी हवं, पण शून्याच्या वर. फ्रीजरमध्ये उणे १८ हवं.

दुसरा आकडाही नक्की घ्या. बर्फ जमतो म्हणजे फ्रीजर ठीक आहे, असं तुम्ही आणि मेकॅनिक दोघांनीही धरून चाललात. पाणी शून्य अंशाला गोठायला लागतं. त्यामुळे उणे ६ वर अडकलेल्या आजारी फ्रीजरमध्येही बर्फ होतोच. तुमचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास आहे की उणे ६ च्या, यावरून पुढचं निदान बरंचसं ठरणार आहे.

सध्या खाली जे अन्न आहे त्याबद्दल मी कडक आहे. दूध, शिजवलेलं अन्न, मांस, अंडी यांसारख्या नाशवंत गोष्टी ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिल्या असतील तर टाकून द्या. साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. आणि वास येत नाही म्हणजे अन्न चांगलं आहे, असं समजू नका. अन्न आंबवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू अनेकदा वास, रंग, चव यांतलं काहीही बदलत नाहीत. घरात वयस्कर माणूस आणि त्यात मधुमेह असताना ही जोखीम घेऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला गॅसवर नाही, डीफ्रॉस्टवर, म्हणजे आत जमलेला बर्फ आपोआप वितळवणाऱ्या व्यवस्थेवर संशय आहे. का, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या मेकॅनिकशी बोलताना तुम्हाला धीर येईल.

बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड लपलेली असते. तिच्याजवळचा छोटा फॅन गार हवा फिरवतो. त्यातली बरीचशी हवा फ्रीजरमध्येच राहते आणि थोडी एका वाटेनं खाली येते. त्या वाटेवर एक झडप असते, ती कमी-जास्त उघडून खालचं तापमान सांभाळलं जातं. म्हणजे खालचा भाग स्वतःची थंडी बनवतच नाही, त्याला सगळी वरूनच येते. वर नीट थंड आणि खाली कोमट असेल तर टाकी भरलेली आहे पण मधला पाइप तुंबला आहे, असं समजा. थंडी तयार होते आहे, खाली पोहोचत नाही.

ती न पोहोचण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे हवेच्या वाटेला टेकवून ठेवलेला डबा किंवा गच्च भरलेला फ्रीजर. मागच्या भिंतीवरच्या जाळ्या मोकळ्या करून पाहा. दुसरं कारण फॅन. फ्रीजरचं दार उघडल्यावर बऱ्याच फ्रिजमध्ये फॅन थांबतो. म्हणून दार उघडं ठेवून चौकटीवरचं दाराचं बटण बोटानं दाबा आणि कान द्या. कॉम्प्रेसर चालू असताना फॅनचा आवाज यायला हवा. आला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका, कारण डीफ्रॉस्ट चालू असताना फॅन मुद्दामच बंद असतो. तासाभरानं पुन्हा ऐका. झडप अडकलेली असणं हे तिसरं कारण, ते तपासणं मात्र मेकॅनिकचं काम.

चौथं कारण तुमच्या पत्राशी सगळ्यात जास्त जुळतं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि तिच्यातली वाफ त्या थंड कॉइलवर बर्फ होऊन बसते. हे रोजच होतं. म्हणूनच कॉइलखाली एक हीटर असतो. काही तासांनी टाईमर किंवा आतला बोर्ड थोड्या वेळासाठी कॉम्प्रेसर बंद करून हीटर चालू करतो. बर्फ वितळतो आणि पाणी एका भोकातून नळीवाटे मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं. तिथे कॉम्प्रेसरच्याच उष्णतेनं त्याची वाफ होते. हे सगळं आपल्या नकळत चालतं, म्हणूनच ते बंद पडलं तरी लवकर लक्षात येत नाही. हीटर जळला, त्याच्यासोबतचं बायमेटल (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा छोटा स्विच) बिघडलं, टाईमर अडकला किंवा बोर्डनं हुकूम देणं थांबवलं, तर बर्फ वितळतच नाही. थरावर थर चढत कॉइलचा ठोकळा होतो आणि फॅन कितीही फिरला तरी त्यातून हवा जात नाही. फ्रीजर त्या ठोकळ्याला लागूनच असल्यानं काही दिवस थंड राहतो. खालचा भाग आधी मार खातो.

भाजीच्या खणाखालचं पाणीही याच गोष्टीकडे बोट दाखवतं. निचऱ्याचं भोक बर्फानं किंवा कचऱ्यानं बंद झालं की पाण्याला मागे जायला वाट राहत नाही. मग ते पुढे ओघळत खालच्या भागात उतरतं. फ्रीजरच्या आतल्या मागच्या पॅनेलकडे एकदा नीट पाहा. त्यावर पांढरा खरखरीत थर दिसला तर माझा संशय अजून पक्का होईल.

याची खात्री तुम्ही घरीच करू शकता आणि त्यासाठी वेळेशिवाय काही लागत नाही. फ्रिज पूर्ण रिकामा करा. प्लग काढा, नुसता नॉब बंद करून भागत नाही. दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि २४ तास तसंच राहू द्या. घरात लहान मूल असेल तर त्या वेळात त्याला तिकडे फिरकू देऊ नका. मागचा ट्रे भरून वाहील, त्यावरही लक्ष ठेवा. घाई असेल तर समोर टेबल फॅन लावा, पण पाणी सांडेल तिथून तो लांब असू द्या.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर असलं काहीही बर्फात घालू नका. हे मी हात जोडून सांगते. कॉइलची नळी पातळ असते, एक टोचा बसला की गॅस खरोखरच जातो आणि साधी दुरुस्ती मोठी होऊन बसते. शिवाय घरगुती फ्रिजमध्ये आता आर-६००ए नावाचा गॅस सर्रास असतो. तो म्हणजे आयसोब्युटेन आणि तो पेट घेतो. त्यामुळे मेणबत्ती, शेगडी, गरम हवेचं यंत्र यातलं काहीही जवळ नको. तुमच्या फ्रिजमध्ये कोणता गॅस आहे ते मागच्या किंवा आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. ते वाचून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

२४ तासांनी आतलं सगळं पुसून फ्रिज चालू करा, दोन्ही भागांत मोजमाप ठेवा आणि अजून एक दिवस थांबा. खालचा आकडा ४ पर्यंत उतरला, काही दिवस छान चाललं आणि मग पुन्हा तेच सुरू झालं, तर डीफ्रॉस्टचा दोष जवळजवळ सिद्ध झाला. बर्फ तुम्ही हातानं वितळवलात, फ्रिजला स्वतःला तो वितळवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. उलट, सगळा बर्फ वितळूनही खाली पहिल्या दिवसापासून काहीच फरक पडला नाही, तर फॅन, झडप किंवा गॅस यांच्याकडे पाहावं लागेल.

आता गॅसबद्दल. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. ती गळती न शोधता नुसता गॅस भरला तर काही दिवसांनी तुम्ही पुन्हा इथेच याल, फक्त मध्ये पैसे गेलेले असतील. शिवाय मागचं पॅनेल न उघडता गॅस कमी आहे हे ठरवणं मला मान्य नाही. पॅनेल उघडल्यावर कॉइल बरंच सांगून जाते. संपूर्ण कॉइलवर जाड बर्फ असेल तर गॅस सगळीकडे पोहोचतोय, दोष डीफ्रॉस्टमध्ये आहे. सुरुवातीच्या थोड्याच वेढ्यांवर बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल, कॉम्प्रेसर न थांबता चालत असेल आणि फ्रीजर उणे १८ पर्यंत जातच नसेल, तर गॅस कमी असण्याची किंवा बारीक नळी चोक होण्याची शक्यता मीही मान्य करेन.

तसं निघालंच, तर मेकॅनिकला विचारा की गळती कुठे आहे आणि ती कशी शोधली. नवा फिल्टर घालणार का, गॅस भरण्याआधी पंप लावून आतली हवा आणि ओल काढणार का, आणि गॅस काट्यावर वजन करून भरणार का, हेही विचारा. आर-६००ए अशा फ्रिजमध्ये थोडेच ग्रॅम लागतो, नेमका आकडा लेबलवर असतो. इतक्या कमी मापात अंदाज चालत नाही. या प्रश्नांनी चांगला कारागीर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

नॉबचं एक राहिलं. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. पण दोन नॉब असलेल्या काही फ्रिजमध्ये फ्रीजरचा नॉब नुसती हवा वाटून देतो. तो ‘सगळ्यात थंड’वर नेला की वरची हवा वरच राहते आणि खालचा भाग आणखी कोमट होतो. तुम्ही जो नॉब फिरवलात तो हा असेल तर नकळत उलटंच झालं असेल. दोन्ही मध्यावर आणा. त्यानंतर प्रत्येक बदलाला २४ तास द्या, दर दोन तासांनी फिरवत बसू नका.

दाराचं रबरही बघाच. कागदाची पट्टी दारात अर्धी ठेवून दार लावा आणि ओढा. ती अडखळत निघायला हवी. चारही बाजूंनी, विशेषतः कोपऱ्यांत आणि बिजागरीच्या बाजूला करून पाहा. सुळकन निघाली तर तिथून दमट हवा आत शिरते, बर्फ वाढतो आणि चांगला हीटरही त्याला पुरा पडत नाही. पुष्कळदा रबर नुसतं चिकट झालेलं असतं, कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं की बसतं. फाटलं असेल तर बदला. आणि दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो ना, हे बटण दाबून पाहा. चालू राहिलेला दिवा आत उष्णता सोडत राहतो.

ज्या वाचकांच्या घरी वर आणि खाली दोन्हीकडे कोमट आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. फ्रिजच्या मागे बाहेरून, उष्णता बाहेर टाकणारी उघडी जाळी असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ ब्रशनं झाडा. जाळी नसेल तर ती बाजूच्या पत्र्याआड असते. अशा फ्रिजच्या बाजू गरम लागतात, तो दोष नाही, फक्त भिंतीपासून मोकळी जागा ठेवा. दर काही मिनिटांनी ‘टक्’ आवाज येतो आणि कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहून थांबतो, असं असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच), कॉम्प्रेसर किंवा कमी व्होल्टेज यांपैकी काहीतरी आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, दर वेळी निदान पाच मिनिटं जाऊ द्या. नवाकोरा फ्रिज दिवे लावतो पण थंडच करत नाही, तेव्हा तो दुकानात दाखवण्यासाठीच्या डेमो मोडमध्ये राहिलेला असू शकतो. तो मोड कसा काढायचा हे माहितीपुस्तिकेत असतं. खोली फार थंड असेल तर खालच्याच तापमानावर चालणारा एकच थर्मोस्टॅट असलेला फ्रिज फारसा सुरूच होत नाही आणि वरचा बर्फ वितळतो. लेबलवर ‘एन’ असेल तर तो फ्रिज १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला आहे, ‘टी’ असेल तर १६ ते ४३. एका दाराच्या डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये यातलं हीटर-फॅनचं काहीच नसतं. तिथे बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की तो आपणच वितळवायचा.

नवा फ्रिज घ्यायचा का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आत्ता तरी नाही असंच आहे. हीटर, बायमेटल, टाईमर हे सुटे भाग आहेत. सात वर्षांच्या फ्रिजमध्ये ते बदलणं योग्यच आहे. कॉम्प्रेसर गेला असेल किंवा भिंतीतल्या फोममध्ये पुरलेल्या नळीला गळती असेल, तरच नव्याचा विचार करा. फोममधली गळती पक्की बंद करणं फार कठीण असतं.

दुसऱ्या मेकॅनिकला बोलावताना ‘थंड होत नाही’ एवढंच सांगू नका. वरचा आकडा, खालचा आकडा आणि बर्फ वितळवल्यावर किती दिवस नीट चाललं, हे तिन्ही सांगा, आणि डीफ्रॉस्टचा हीटर मीटरनं तपासायला सांगा. भाग बदलून झाल्यावर त्याला टाईमर हातानं फिरवून किंवा बोर्डवरून एकदा डीफ्रॉस्ट लावून दाखवायला सांगा. हीटर तापला, निचऱ्याच्या भोकात ओतलेलं कोमट पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरलं, हे डोळ्यांनी बघा आणि मगच बिल चुकतं करा.